‘बाकी सगळं ठीक’ एवढंच कळवू नका

प्रश्न : माझं वय ६२. मुलगा ३१ वर्षांचा, नोकरीसाठी चार वर्षांपासून परदेशात आहे. घरातलं सगळं त्याला कळत राहावं म्हणून मी जवळजवळ रोज व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवते. सहा-सात मिनिटं सहज होतात. त्याच्याकडून अंगठा येतो, कधी ‘ओके आई’, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. मागच्या महिन्यात ह्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो लांब बसून काळजी करत राहील म्हणून आम्ही त्याला सांगितलं नाही. सगळं नीट पार पडलं, पण त्याला ते मामेभावाकडून कळलं आणि तो फार चिडला. म्हणाला, ‘रोज सात मिनिटं बोलतेस आणि हेच सांगत नाहीस.’ आता मी फोन केला की त्याचं पहिलं वाक्य ‘काय झालं?’ हेच असतं. त्याला काय सांगावं, किती सांगावं, काहीच कळेनासं झालंय. रोजचं कळवणं बंदच करू का? – एक आई

उत्तर :

ताई, बंद मुळीच करू नका. मुलाचं ते वाक्य पुन्हा एकदा वाचा. सात मिनिटं फार होतात अशी त्याची तक्रार नाही. त्या सात मिनिटांत जे यायला हवं होतं ते आलं नाही, ही तक्रार आहे. ऑपरेशनच्या दिवशीही तुमचा निरोप गेला असणार, त्यात शेजारची खबर असेल, गॅलरीतल्या रोपांची असेल आणि शेवटी नेहमीचं ‘बाकी सगळं ठीक’. त्या दिवसापासून त्याच्या लेखी या तीन शब्दांची पत गेली. आता तुम्ही कुंडीत फूल आलं असं सांगितलंत तरी त्याच्या मनात येणार, मग सांगत नाहीये ते काय आहे? तुमचा फोन वाजला की ‘काय झालं?’ हे त्यातूनच येतं. तुम्ही घरात आहात, ह्यांचा चेहरा बघून तुम्हाला कळतं. त्याच्याकडे घर बघायला तुमच्या शब्दांशिवाय काहीच नाही.

म्हणून आधी ऑपरेशनचं मिटवा. ते मनात तसंच राहिलं तर निरोपाची पद्धत कितीही सुधारलीत तरी उपयोग होणार नाही. मिटवायला लांबलचक बोलावं लागत नाही. एवढं पुरे :

‘बाबांच्या ऑपरेशनचं तुला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, चुकलं माझं. यापुढे घरात कुणाला दवाखान्यात दाखल करायचं असेल किंवा ऑपरेशन असेल, तर ते तुला आधी कळेल.’

यात ‘तुला काळजी वाटू नये म्हणून’ हे जोडायचा मोह होईल. जोडू नका. ते खरं असलं तरी त्यातून पुन्हा वाद सुरू होतो. त्याने काळजी करायची की नाही हे कुणी ठरवायचं, असा तो वाद असतो आणि त्यात तुम्ही दोघंही दमता. चूक कबूल आणि पुढचा शब्द, बस्स. मात्र दिलेला शब्द पाळायचा. एकदा मोडला तर पुढच्या वेळी तो तुम्हाला विचारणार नाही, परस्पर मामेभावालाच विचारेल.

हा शब्द पाळता यावा म्हणून कोणती बातमी कधी द्यायची, हे दोघांनी एकदा बोलून ठरवून टाका. तुम्ही एकट्यानेच ठरवू नका, त्याला विचारा. माझ्या मते साधारण अशी वाटणी चालते. ऑपरेशन, दवाखान्यात दाखल होणं, भूल द्यावी लागेल अशी कोणतीही तपासणी, घर विकणं किंवा बदलणं, मोठं कर्ज हे सगळं घडायच्या आधी. पडणं-झडणं, कायमच्या औषधात बदल, ओळखीतल्या कुणाचं निधन, घरात चोरी हे त्याच दिवशी. बाकीचं सगळं आपल्या सवडीने. अडेल तेव्हा एक सोपी परीक्षा आहे. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणा नातेवाइकाला कळणार आहे का? कळणार असेल तर ती मुलाला त्याआधी कळली पाहिजे. कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर टाकण्याआधीसुद्धा. आपल्याच बापाची बातमी चाळीस जणांबरोबर वाचायला मिळाली की मुलाला आपण घरचे उरलो नाही असं वाटतं, आणि ते बोलून दाखवणंही त्याला अवघड जातं.

इथे एक अडचण येऊ शकते. ह्यांनीच म्हटलं असेल, ‘त्याला सांगू नकोस.’ आजार ज्याचा, बातमीही त्याचीच, त्यामुळे त्यांच्या मताला मान द्यायलाच हवा. पण ते मत तुमच्या तोंडून खोटं वदवून घेण्यापर्यंत जाऊ नये. ‘ऑपरेशन किंवा दवाखान्यात दाखल होणं असेल तर आधी सांगायचा शब्द मी त्याला दिलाय, तो पाळणार. बाकीचं मी आपणहून सांगणार नाही, पण त्याने विचारलं तर लपवणारही नाही. तुम्ही स्वतःच सांगितलंत तर सगळ्यात बरं,’ असं त्यांना आधीच सांगून ठेवा. बहुतेक वडील एवढ्यावर स्वतः फोन उचलतात.

आता तब्येतीची बातमी द्यायची कशी, ते सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. आपण घडलं त्या क्रमाने सांगायला जातो. सकाळी उठले, चहा घेतला, मग जरा गरगरलं, मग रिक्षा मिळेना… ऐकणारा तोपर्यंत श्वास रोखून शेवटाची वाट बघत असतो. क्रम उलटा करा. आत्ता माणूस कसा आहे हे पहिल्या वाक्यात. मग काय झालं ते. मग डॉक्टर काय म्हणाले. मग पुढे काय आणि कोणत्या तारखेला. आणि शेवटी, मुलाने काही करायचं आहे का. हे शेवटचं हमखास राहून जातं, आणि नेमकं तेच लांबच्या माणसाला छळतं. निघून यावं का, पैसे पाठवावेत का, आत्ता फोन करावा का, हे त्याला कळत नाही. नमुना म्हणून बघा :

‘बाबा घरी आहेत, जेवून झोपलेत. ठरल्याप्रमाणे आज सकाळी ११ला उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुपारी ३ला घरी आलो. डॉक्टर म्हणाले, व्यवस्थित झालं. थेंब सुरू आहेत, उद्या सकाळी १०ला तपासणी. तू आत्ता काही करायचं नाहीस. उद्या तपासणी झाली की मी लिहीन. बाबा संध्याकाळी ७नंतर बोलू शकतील.’

‘उद्या लिहीन’ असं म्हटलंत तर उद्या लिहायचंच, काही विशेष नसलं तरी. ‘तपासणी झाली, डोळा चांगला आहे’ हे पाच शब्द त्याची रात्र वाचवतात.

आकडे असतील तर आकडेच द्या. ‘बीपी जरा वाढलंय’ यातून त्याला काहीही कळत नाही. ‘आज सकाळी ८ला १४८/९२ होतं, पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं तर १४०/८८’ यातून कळतं. मोजताना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसलेलं असावं, बोलू नये आणि एकाऐवजी दोनदा मोजावं. जिना चढून आल्या-आल्या घेतलेला आकडा मुलाला कळवलात तर उगाच दोन घरांत घबराट होते. साखरेचंही तसंच. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि एचबीए१सी हे तीन वेगळे आकडे आहेत. एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं आणि टक्क्यांत येतं. ‘साखर ७ आली’ असं लिहिलंत आणि कोणती ते लिहिलं नाहीत तर तो रात्रभर नेटवर शोधत बसेल. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे चिठ्ठीवरून बघून लिहा. रिपोर्ट प्रयोगशाळेकडून पीडीएफमध्ये मिळत असेल तर तोच पुढे पाठवा. कागदच असेल तर तो टेबलावर सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा वरून फोटो काढा. नुसत्या आकड्याचा जवळून काढलेला फोटो कामाचा नसतो. शेजारचं एकक, सामान्य मर्यादा आणि तपासणीची तारीख दिसली पाहिजे.

आणि दोन गोष्टी अजिबात नकोत. एक म्हणजे निरोप न ठेवता सोडलेला मिस्ड कॉल. दुसरी म्हणजे ‘जमेल तेव्हा फोन कर’ एवढंच लिहिणं. परदेशात मध्यरात्री उठून हे वाचणारा माणूस पुन्हा झोपत नाही. त्याऐवजी लिहा : ‘काळजीचं काही नाही. कपाटाच्या किल्लीबद्दल विचारायचं होतं, रविवारी चालेल.’ मात्र ‘काळजीचं काही नाही’ हे शब्द खरंच तसं असेल तेव्हाच वापरायचे. याच शब्दांवर त्याने पुन्हा विश्वास ठेवावा असं आपल्याला वाटतंय.

खरी घाई असेल तेव्हासाठी एक खूण ठरवून ठेवा. साधा फोन लागोपाठ दोनदा. याला कारण आहे. रात्री फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवला तरी त्याच नंबरवरून लगेच दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू देण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. आयफोनमध्ये दुसरा फोन तीन मिनिटांच्या आत यावा लागतो, अँड्रॉइडवर साधारण पंधरा मिनिटांच्या आत. म्हणजे तीन मिनिटांच्या आत केलात तर दोन्हीकडे चालतं. ती सोय त्याच्या फोनवर सुरू आहे ना, ते त्याला एकदा बघायला सांगा, आणि दिवसाढवळ्या एकदा करून बघा. ठरल्यावर मात्र ही खूण दुसऱ्या कशासाठीही वापरायची नाही. एकदा का ती ठरली की तुमचा साधा, एकदाच वाजलेला फोन त्याला साधाच वाटू लागेल. ‘काय झालं?’ हे वाक्य जायला निदान महिना-दोन महिने लागतील, तेवढं धरून चाला.

आता रोजच्या निरोपाकडे येऊ. आपण सहज बोलतो तेव्हा मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे शब्द होतात. सात मिनिटं म्हणजे नऊशे-हजार शब्द, छापलेली दोन-तीन पानं. लिहिलेलं पान माणूस वरून नजर फिरवून बघू शकतो, बोललेलं तसं चाळता येत नाही. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागतं, त्यासाठी शांत जागा किंवा कानात इअरफोन हवा, आणि कामाच्या ठिकाणी दोन्ही मिळत नाही. मग ‘संध्याकाळी ऐकू’ म्हणून ते राहतं. संध्याकाळी ऐकलं तरी त्यात सात-आठ विषय असतात. पाणीगळती, आत्याचा गुडघा, बँकेचं काम, शेजारच्यांचं भांडण. शेवटच्या विषयापर्यंत पहिला विसरलेला असतो. इतक्या सगळ्याला एक उत्तर काय देणार? अंगठा. तो अंगठा म्हणजे तुमच्याबद्दलची बेफिकिरी नाही, तुम्ही त्याला उत्तर द्यायला दुसरी जागाच ठेवली नव्हती.

म्हणून एका निरोपात एकच विषय आणि एक ते दीड मिनिट. वर एक ओळ लिहून टाका : ‘आत्याच्या गुडघ्याचं. घाई नाही, सावकाश ऐक.’ त्या ओळीमुळे आत्ता ऐकायचं की रात्री, हे त्याला न ऐकताच ठरवता येतं. रेकॉर्ड करण्याआधी कागदावर तीन शब्द लिहा : गुडघा, एक्स-रे, काठी. तेवढ्याने भरकटणं थांबतं. माइकचं बटण दाबून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, मग बोट दाबून धरावं लागत नाही. मध्येच दारावर कुणी आलं तर थांबवून पुन्हा पुढे सुरू करता येतं, आणि पाठवण्याआधी ऐकूनही बघता येतं. एकदा ऐकाच. पहिली वीस सेकंद ‘हॅलो, हां, बोलतेय गं मी, पंखा बंद करते थांब’ यात जात असतील तर ते तुम्हालाच लक्षात येईल. टीव्ही बंद, पंख्याच्या झोताखाली बसायचं नाही, फोन तोंडापासून वीतभर लांब. पत्ता, तारीख, रक्कम, औषधाचं नाव, म्हणजे जे त्याला पुन्हा शोधावं लागेल, ते बोलू नका, लिहा. लिहिताना चूक झाली तर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांपर्यंत ती दुरुस्त करता येते.

मुलगा तुमचं बोलणं दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकत असेल. हल्ली सगळे असंच ऐकतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. निरोपाजवळचा छोटा माइक निळा झाला का, हेही दर तासाला बघू नका. निळा झाला म्हणजे त्याने ऐकायला सुरुवात केली एवढंच. पूर्ण ऐकलं की नाही, हे त्यावरून समजत नाही.

आणि रोज पाठवलंच पाहिजे असंही नाही. आठवड्याला तीन-चार छोटे निरोप आणि एक ठरलेला फोन, हे रोजच्या सात मिनिटांपेक्षा जास्त ऐकलं जातं. फोनचा वार-वेळ त्याच्या सोयीने ठरवा आणि वीस-पंचवीस मिनिटांत संपवायची तयारी ठेवा. तो राहतो तिथे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे होत असेल तर तेवढं लक्षात असू द्या. युरोपात हे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यात ‘ठरलेल्या वेळी फोन उचलला नाही’ म्हणून बरेच रुसवे होतात. फोनमधल्या घड्याळात त्याचं शहर जोडून ठेवलंत की प्रश्न मिटला.

फोनजवळ एक वही ठेवा. बातमी घडली की तिथे दोन शब्द लिहायचे, सांगून झालं की खूण करायची. वहीच्या उजव्या पानावर मात्र त्याने सांगितलेलं लिहा : नव्या साहेबांबरोबर बैठक बुधवारी, दाढ दुखतेय, मित्र घर बदलतोय. पुढच्या वेळी ‘कसा आहेस?’ असं न विचारता ‘बुधवारची बैठक कशी झाली?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘बरा’ एवढंच येतं, दुसऱ्यावर माणूस बोलू लागतो. प्रत्येक निरोपाच्या शेवटी असा एकच प्रश्न, दोन-चार शब्दांत उत्तर देता येईल असा. पाच प्रश्न विचारलेत की एकाचंही उत्तर येत नाही.

आणि तो जेव्हा स्वतःहून काही चांगलं सांगेल तेव्हा तुम्ही काय म्हणता, याकडे लक्ष द्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेलं संशोधन नेमकं यावर आहे. त्यांचा अभ्यास मुख्यतः जोडप्यांचा होता. आपण सांगितलेल्या चांगल्या बातमीत समोरचा खरोखर रस घेतो, असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं नातंही जास्त समाधानाचं दिसलं. आईच्या बाबतीत हे असं दिसतं : मुलगा म्हणतो, ‘मला बढती मिळाली.’ आईच्या तोंडून पटकन निघतं, ‘अरे वा, पण आता काम वाढेल हो, झोपेचं बघ.’ त्यात माया असते, मात्र त्याच्या कानावर पडते ती सूचना. तिथे विचारायचं, ‘कसं कळलं तुला? सगळ्यात आधी कुणाला सांगितलंस? आता नवीन काय काय करायला मिळेल?’ झोपेचं चार दिवसांनी विचारा. दोन-तीनदा चांगली बातमी सूचनेखाली दबली की मुलं ती सांगणंच सोडतात, आणि आपण म्हणतो, हा काही बोलतच नाही.

बातम्या कुठल्या द्यायच्या? क्षुल्लक वाटणाऱ्याच, फक्त ठसठशीत. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली एका लेखात दाखवून दिलं होतं की माणसांच्या बऱ्याचशा बोलण्याचा हेतू माहिती देणं हा नसतोच, एकमेकांशी धागा जोडलेला ठेवणं हा असतो. तुमच्या कुंडीच्या आणि नळाच्या बातम्या त्यातल्याच, म्हणून त्यांची लाज नको. पण ‘सगळे मजेत’ हा धागा फार बारीक पडतो. ‘न्हाणीघराचा नळ तीन दिवस ठिबकत होता. बाबांनी स्वतः वॉशर बदलला, आता ठिबकत नाही पण तोटी उलटी फिरते’ हे ऐकताना त्याला ते न्हाणीघर दिसतं. तो जिथे राहिला, वाढला, त्या जागेत झालेला बदल त्याला सगळ्यात जास्त धरून ठेवतो. खुर्ची हलली, झाड तोडलं, भिंतीचा रंग बदलला. अशा वेळी एक फोटो पाठवा, चौदा नकोत.

त्याची जुनी पुस्तकं, कपाट, सायकल कुणाला द्यायची असेल तर ती देण्याआधी विचारा, दिल्यावर सांगू नका. ‘महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर देऊन टाकते’ असं म्हणायला हरकत नाही. पण विचारायला हवंच.

काही गोष्टी बातमीच्या वेषात येतात, त्या ओळखा. ‘अमक्याच्या मुलाने घर घेतलं’, ‘तुझ्या वर्गातल्या तिचं लग्न ठरलं’ या ओळी तुम्ही सहज लिहिल्या असतील, पण त्यातला न विचारलेला प्रश्न त्याला बरोबर ऐकू येतो. लग्नाबद्दल विचारायचं असेल तर वर्षातून एकदा सरळ विचारा, त्याच्या उत्तरावर थांबा आणि बातम्यांत ते मिसळू नका. तसंच ह्यांच्याबद्दलच्या तक्रारी. ‘तूच सांग तुझ्या बाबांना’ असं म्हटलं की मुलगा निरोप्या होतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो. आत्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं त्याला सांगू नका, आणि त्याने सांगितलेलं आत्याला सांगण्याआधी ‘हे सांगितलं तर चालेल ना?’ एवढं विचारा.

हे सगळं कळवायचं काम तुमच्या एकटीच्या अंगावर आहे, हेही मला पत्रात दिसतंय. समाजशास्त्रात याला ‘किनकीपिंग’ म्हणतात, म्हणजे नातलगांना एकमेकांशी जोडून ठेवण्याचं काम. कॅरोलिन रोझेंथल यांनी १९८५ साली यावर लिहिलं, तेव्हाही हे काम बऱ्याच घरांत एखादं माणूस करतं आणि ते बहुधा बाईच असते, असंच दिसलं होतं. त्यातला धोका असा की तुम्ही आजारी पडलात तर बाप-लेकांमध्ये बोलण्याचा रस्ताच उरत नाही. म्हणून आठवड्याच्या ठरलेल्या फोनची पहिली दहा मिनिटं ह्यांची. शेवटी ‘घ्या, बोला जरा’ म्हणून हातात फोन दिला की दोघंही ‘हो, हो, ठीक’ म्हणून ठेवून देतात. आधी दिला आणि तुम्ही खोलीबाहेर गेलात तर बोलतात. त्यांच्या वाट्याची एक बातमी वहीत त्यांच्यासाठी वेगळी ठेवा, त्या नळाची, आणि ती तुम्ही आधी सांगून टाकू नका.

एक सावधगिरी. घर आठवडाभर बंद राहणार आहे, कुणाची मोठी रक्कम येणार आहे, हे मोठ्या ग्रुपवर लिहू नका. आणि ‘आई, माझा नंबर बदललाय, तातडीने पैसे हवेत’ असा निरोप आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करा. तो लागला नाही तर फक्त तुम्हा दोघांनाच माहीत असलेली एखादी गोष्ट विचारा, आणि त्याच्याशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय पैसे पाठवू नका. ही फसवणूक अशाच घरांत चालते जिथे मुलाच्या निरोपाची वाट बघितली जाते.

ही पद्धत सहा आठवडे करून बघा आणि मग त्यालाच विचारा : निरोप लांब होतायत का, कुठल्या बातम्या जास्त हव्यात, कुठल्या नकोत. त्याचं उत्तर आपल्याला न आवडणारं निघालं तरी लगेच खुलासा देऊ नका, वहीत लिहून ठेवा.

सुरुवात मात्र आजच करता येईल. ह्यांच्या डोळ्याच्या पुढच्या तपासणीची तारीख कागदावर असेलच. ती मुलाला लिहून पाठवा : वार, वेळ, बरोबर कोण जाणार, नव्या चष्म्याचा नंबर त्याच दिवशी मिळणार की नंतर. तपासणी झाली की त्याच संध्याकाळी काय सांगितलं ते लिहा, आणि त्या खाली ह्यांना स्वतः एक ओळ टाइप करू द्या. अक्षरं चुकली तरी तुम्ही दुरुस्त करू नका.